क्रिकेटच्या जुन्या वस्तू घरच्या घरी फ्रेम कशा कराव्यात, कशा जपाव्यात

ब्रेबॉर्न स्टेडियमवरच्या पंचरंगी (हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि इतर अशा पाच संघांच्या जुन्या स्पर्धेतल्या) सामन्याचं स्कोअरकार्ड, वानखेडेवर जानेवारी १९७५ मध्ये झालेल्या पहिल्या कसोटीचं तिकीट, सह्यांनी भरलेली बॅट, क्लबचा लोकरी स्वेटर. अशा वस्तू आपल्याकडे कितीतरी घरांत आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच फ्रेम केल्यामुळेच खराब होतात. फ्रेमच्या दुकानातली नेहमीची पद्धत अशी असते: मागे हार्डबोर्ड, त्यावर पांढरा गोंद, त्यावर कागद आणि कागदाला टेकून काच. हार्डबोर्डमधलं आम्ल कागदात उतरतं आणि कागद तपकिरी पडतो. गोंद सुकला की पाण्यानं सुटत नाही. पावसाळ्यात काचेच्या आतल्या बाजूला दव धरलं की ते थेट कागदावर उतरतं, मग बुरशीचे ठिपके येतात किंवा कागद काचेलाच चिकटतो.

म्हणून एक नियम सगळ्यात वर ठेवा. आत ठेवलेली वस्तू उद्या जशीच्या तशी बाहेर काढता आली पाहिजे. ती कशालाही कायमची चिकटलेली नको आणि काचेला टेकलेली नको. पुढचं सगळं यातूनच येतं.

हात लावण्याआधी

वस्तूची दोन्ही बाजूंनी नोंद करून घ्या. तिकिटं, स्कोअरकार्डं, फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करून टिफ फाईल म्हणून ठेवा. बॅट, चेंडू, स्वेटर यांचे दिवसाच्या मऊ उजेडात, फ्लॅश न वापरता फोटो काढा. सहीचे अगदी जवळून काढा. पाच वर्षांनी सही फिकी पडली का हे डोळ्यांना कळत नाही, कारण रोज बघितल्यानं डोळे सरावतात. फोटो शेजारी धरला की लगेच कळतं.

साफसफाईचा मोह आवरा. बॅटवरचे चेंडूचे लाल डाग, पँटवरचा गवताचा हिरवा डाग, तिकिटाची दरवाज्यावर फाडलेली कड हा त्या वस्तूचा इतिहास आहे. मऊ, कोरड्या रंगाच्या ब्रशनं वरची सुटी धूळ काढायची आणि तिथंच थांबायचं. ओलं फडकं, खोडरबर, थिनर, लेदर पॉलिश यातलं काहीही नको.

स्कोअरकार्डाबाबत विशेष जपा. जुन्या सामन्यांत छापील कार्डावर प्रेक्षक स्वतः धावा भरत. डिसेंबर १९४३ मध्ये पंचरंगीच्या अंतिम सामन्यात विजय हजारेंनी संघाच्या ३८७ पैकी ३०९ धावा एकट्यानं केल्या. असं एखादं कार्ड हातात असेल तर त्यातला निम्मा जीव पेन्सिलीच्या आकड्यांत असतो. साधी शिशाची पेन्सिल उजेडात फिकी पडत नाही, पण बोट घासलं की पसरते. त्या काळी कॉपिंग पेन्सिलही सर्रास वापरत. ती दिसायला साध्या पेन्सिलीसारखीच करडी, पण पाण्याचा थेंब लागला की जांभळी होऊन फुटते. ओळखण्यासाठी थेंब टाकून बघू नका. भिंगातून बघा: अक्षरांच्या कडेला जांभळट झाक दिसली की कॉपिंग पेन्सिल समजायची आणि त्या कागदाजवळ ओली खळ आणायचीच नाही.

फ्रेम करायची ती हिवाळ्यात

हा मुद्दा दुकानात कुणी सांगत नाही. कागद, माउंटबोर्ड, लाकूड, कापड हे सगळे हवेतला ओलावा शोषून घेतात. जुलैत मुंबईत किंवा रत्नागिरीत फ्रेम बंद केली तर ८५-९० टक्के आर्द्रतेचा ओलावा आपण आत कोंडतो. डिसेंबर ते फेब्रुवारीतली कोरडी दुपार गाठा. चार-पाचशे रुपयांत डिजिटल हायग्रोमीटर मिळतो. तो टेबलावर ठेवा आणि आकडा ४५ ते ५५ च्या दरम्यान असेल तेव्हाच फ्रेम बंद करा. पुणे, नाशिककडे तो त्याहूनही खाली जातो, तेही चालतं. वस्तू, बोर्ड, फ्रेम सगळं साहित्य आधी दोन-तीन दिवस त्याच खोलीत उघडं ठेवायचं, म्हणजे त्यातला ओलावा खोलीइतका होतो. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला आमंत्रणच.

साहित्य

- माउंटबोर्ड (वस्तूच्या मागे, आणि खिडकी कापून वस्तूच्या भोवती लावायचा जाड पुठ्ठा): आम्लमुक्त, शक्यतो शंभर टक्के कापसाचा, म्हणजे म्युझियम बोर्ड. जाडी साधारण दीड मिलिमीटर. साध्या माउंटबोर्डचा गाभा लाकडी लगद्याचा असतो. खिडकी कापलेली कड काही वर्षांत पिवळी पडली की तो ओळखू येतो.
- मागचा पत्रा: हार्डबोर्ड, एमडीएफ किंवा प्लायऐवजी पॉलिप्रॉपिलीनची पन्हाळी शीट, जिला बाजारात सनपॅक म्हणतात. ३ किंवा ४ मिलिमीटरची घ्या. ती ओलावा घेत नाही आणि वाळवीला तिच्यात खायला काही नसतं.
- काच: २ मिलिमीटरची साधी काच चालते. अतिनील किरण अडवणारी अ‍ॅक्रिलिक शीट (३ मिलिमीटर) जास्त चांगली, पडली तर फुटूनही वस्तू फाटत नाही. अ‍ॅक्रिलिकवर अमोनियावालं काच पुसायचं द्रावण मारू नका. पाण्यात किंचित ओला केलेला मऊ कपडा पुरतो.
- पकड: पॉलिएस्टरच्या पारदर्शक फिल्मचे (७५ ते १०० मायक्रॉन) कोपरे, किंवा जपानी कागदाच्या (पातळ पण चिवट, लांब तंतूंच्या) बिजागऱ्या, म्हणजे पान वरून टांगायच्या पट्ट्या, आणि गव्हाच्या स्टार्चची खळ.
- घरात आणायचंच नाही असं: सेलोटेप, दुहेरी टेप, स्प्रेचा गोंद, लॅमिनेशन. सेलोटेपचा गोंद आधी चिकट तेलासारखा कागदात झिरपतो, मग तपकिरी होतो, शेवटी टेप गळून पडते आणि डाग कायमचा राहतो. लॅमिनेशन तर परत काढताच येत नाही.

तिकीट आणि स्कोअरकार्ड

घरी पहिल्यांदा करत असाल तर कोपऱ्यांची पद्धत धरा. वस्तूला गोंदाचा थेंबही लागत नाही. पॉलिएस्टर फिल्मची २ सेंटिमीटर रुंद आणि ६ सेंटिमीटर लांब पट्टी कापा. दोन्ही टोकं मागे दुमडून मध्ये त्रिकोणी खिसा करा. असे चार खिसे तिकिटाच्या चार कोपऱ्यांना घाला, तिकीट मागच्या बोर्डावर जागच्या जागी ठेवा आणि खिशांची मागची टोकं आम्लमुक्त टेपनं बोर्डाला चिकटवा. टेप तिकिटाला कुठेही लागता कामा नये. खिसा घट्ट नको, अर्धा मिलिमीटर सैल ठेवा. पावसाळ्यात कागद फुगतो, त्याला पसरायला जागा नसली की मधोमध फुगा येतो. तिकिटाला लाट आली अशी तक्रार असते तेव्हा बहुतेक वेळा कोपरे आवळून बसवलेले असतात.

मोठं किंवा जड कागदपत्र, उदाहरणार्थ संघाचं सह्यांचं पान, कोपऱ्यांवर पोटात झोल खातं. त्याला बिजागऱ्या लागतात. त्यासाठी खळ अशी करा: गव्हाच्या स्टार्चची पूड १ चमचा, पाणी ५ चमचे, अर्धा तास भिजत ठेवा. मग अगदी मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं सतत ढवळत शिजवा. पांढरा रंग जाऊन ती काचेसारखी झाली की उतरवा, गार करा आणि बारीक गाळणीतून दोनदा गाळा. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते, आंबूस वास आला की टाकून द्या. कुरडयांसाठी काढतो तो गव्हाचा चीक म्हणजे मुळात हाच स्टार्च. पण तो गहू आंबवून काढलेला असतो, त्यात आम्ल आणि चिकटाचे अंश उरतात, म्हणून तो नको. मैद्याची खळही नको. पुस्तकांचे बाइंडर खळीत मोरचूद घालतात तसं घालू नका. मोरचुदानं किडे दूर राहतात, पण कागद जळल्यासारखा तपकिरी होतो.

जपानी कागदाच्या दीड सेंटिमीटर रुंद, तीन सेंटिमीटर लांब पट्ट्या करा. कात्रीनं कापू नका. ओल्या ब्रशनं रेघ ओढून हातानं फाडा, म्हणजे कडेला तंतू राहतात आणि पुढून पट्टीची धार उमटत नाही. पट्टीच्या टोकाला फक्त ४ मिलिमीटर खळ लावा, तीही टिपकागदावर टिपून जवळजवळ कोरडी करून. ती पानाच्या मागे, वरच्या कडेला लावा. दोन पट्ट्या पुरतात, खालच्या कडेला काही लावायचं नाही, पान मोकळं लोंबू द्यायचं. वर टिपकागद, त्यावर काचेचा तुकडा, त्यावर अर्धा किलोचं वजन. अर्ध्या तासानं टिपकागद बदला. मग पट्टीचं दुसरं टोक बोर्डावर ठेवून त्यावर आडवी पट्टी लावा, इंग्रजी टी अक्षरासारखी. खळ जास्त ओली राहिली तर पानावर पुढून चौकोनी सुरकुती दिसते आणि ती मग जात नाही, तेव्हा घाई इथं करू नका. मागच्या बाजूलाही सही असेल तर बिजागरी लावूच नका, कोपरेच वापरा.

खिडकीवाला माउंट वर येतो. खिडकी वस्तूपेक्षा चारी बाजूंनी ३ मिलिमीटर लहान कापतात. पण तिकिटाची फाटकी कड, अर्धवट तुटलेला प्रवेशाचा भाग दिसायला हवा असेल तर खिडकी उलट ५ मिलिमीटर मोठी कापा. अशा वेळी काचेपासूनचं अंतर माउंटच्या जाडीवर सोडू नका. फ्रेमच्या आतल्या कडेनं ५ ते ६ मिलिमीटरच्या अ‍ॅक्रिलिकच्या पट्ट्या बसवा.

फ्रेमवाल्याला पट्टी सांगताना खाचेची खोली सांगायला विसरू नका. काच २, माउंट दीड, मागचा बोर्ड दीड, सनपॅक ४, म्हणजे ९ मिलिमीटर होतात. वर खिळ्यांना जागा. म्हणून खाच किमान ४ सूत, म्हणजे अर्धा इंच हवी; वर सांगितलेल्या ५-६ मिलिमीटरच्या पट्ट्या बसवणार असाल तर तेवढी आणखी खोल. दुकानातल्या बारीक पट्ट्यांची खाच बऱ्याचदा २-३ सूतच असते, मग सगळं दाबून बसवतात आणि मधलं अंतर मरतं. लाकडी खाचेला आतून पॉलिएस्टर फिल्म किंवा अ‍ॅल्युमिनियमची टेप लावून घ्या, म्हणजे लाकडाचं आम्ल बोर्डाच्या कडेत शिरत नाही.

बंद करण्याआधी मागच्या बोर्डावर पेन्सिलीनं लिहा: वस्तू काय, कुठल्या सामन्याची, कुणाकडून आली, फ्रेम कधी बंद केली. वस्तूवर काहीही लिहू नका. पुढच्या पिढीला ती चिठ्ठी वस्तूइतकीच मोलाची ठरते.

सह्यांची बॅट

बॅटीला अळशीचं तेल लावायची सवय खेळाडूंच्या हातात मुरलेली असते. सही असलेल्या बॅटीला ते चुकूनही लावू नका. तेल लाकडाच्या रेषांतून पसरतं, शाई सोबत घेऊन जातं आणि फळी काळवंडते. सही पक्की व्हावी म्हणून वार्निश किंवा लॅकर मारणं त्याहून वाईट, कारण मार्करची शाई त्यातल्या द्रावकात विरघळते आणि सहीला धुक्यासारखी कड येते.

बॅटीसाठी पेटीसारखी खोल फ्रेम लागते. बॅट मोजून घ्या. प्रौढांची शॉर्ट हँडल बॅट साधारण ३४ इंच लांब आणि जास्तीत जास्त सव्वाचार इंच रुंद असते. पेटी आतून ३८ बाय ८ इंच आणि खोली साडेतीन इंच ठेवा, म्हणजे फळीचा फुगवटा आणि पुढचा बाक धरूनही काचेपर्यंत बोटभर अंतर राहतं. पेटी सुताराकडून करून घेतली तर पॉलिश झाल्यावर तीन-चार आठवडे उघडी ठेवा. नवीन पॉलिशचा वास येतोय तोवर आत काही ठेवायचं नाही.

बॅट मुठीला दोरी बांधून टांगू नका. जुन्या मुठीचा दोरा आणि रबर कुजलेलं असतं. सगळं वजन, साधारण सव्वा किलो, खालच्या टोकावर येऊ द्या. तिथं पॉलिइथिलीन फोमचा दोन इंची ठोकळा कापून बसवा आणि त्यात टोकाच्या आकाराची खाच करा. खांद्याजवळ आणि मुठीजवळ पॉलिएस्टर फिल्मची अर्धा इंच रुंद पट्टी बॅटीभोवती घेऊन मागच्या बोर्डाच्या चिरेतून मागे न्या आणि मागे बांधा. पट्टी सहीवरून जाऊ देऊ नका. बॅटीला स्क्रू, खिळा, छिद्र काहीही नाही. मुठीचं रबर चिकट झालं असेल तर त्यावर पॉलिएस्टर फिल्मचा एक वेढा घ्या, रबर काढून टाकू नका.

पेटीत ठेवण्याआधी बॅट काळ्या कागदावर दोन आठवडे आडवी ठेवा. विलोला भुंगेरे लागतात. कागदावर मैद्यासारखी बारीक पूड पडली आणि फळीवर टाचणीएवढी गोल भोकं दिसली तर कीड जिवंत आहे. ती बॅट घरातल्या बाकी लाकडी सामानापासून लांब, प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा आणि जाणकाराला दाखवा. औषध फवारलं की शाई गेलीच.

उजेडाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. अतिनील किरण अडवणारी शीट लावली म्हणजे सही सुरक्षित झाली असं नाही. दिसणारा उजेडही रंग उडवतो. बॉलपेन, मार्कर आणि धुता येणारी निळी शाई सगळ्यात लवकर जातात. जुन्या धर्तीची, लोह असलेली निळी-काळी शाई जास्त टिकते. संग्रहालयं अशा वस्तूंसाठी ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड ठेवतात, आणि खिडकीजवळच्या भिंतीवर तो हजारात असतो. आमचा सल्ला असा की वर्षातले तीन-चार महिनेच मूळ वस्तू भिंतीवर ठेवा. बाकी वेळ वर जाड सुती पडदा सोडा, किंवा कागदाची वस्तू असेल तर चांगली रंगीत प्रत लावा आणि मूळ पेटीत ठेवा.

स्वेटर आणि ब्लेझर

मांजरपाट घ्या, साबणाशिवाय गरम पाण्यात दोन-तीनदा उकळून त्याची खळ पूर्ण काढा. खळ राहिली तर कसर तिच्यावरच येते. सनपॅकवर पॉलिएस्टरच्या वॉडिंगचा (कापसासारख्या मऊ भरावाचा) पातळ थर, त्यावर मांजरपाट ताणून मागे शिवा. स्वेटरच्या आकाराहून एक सेंटिमीटर लहान असा दुसरा तुकडा कापून, वॉडिंग भरून आत घाला, म्हणजे खांदे आणि बाह्या त्यावर टेकतात. मग सुती दोऱ्यानं खांदे, काखा आणि खालची कड टाके घालून बसवा. सुई लोकरीच्या धाग्यातून घालू नका, दोन धाग्यांच्या मधून काढा. टाका सैल हवा. टाचण्या आणि स्टेपल गंजतात, गंजाचा डाग कापडातून निघत नाही.

लोकरीत कसर असेल अशी शंका आली तर स्वेटर पॉलिथिनच्या पिशवीत घालून, हवा काढून, घट्ट बंद करून फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर दव कापडावर धरतं. डांबरगोळ्या फ्रेममध्ये ठेवू नका. त्यांच्या वाफेनं प्लास्टिकची बटणं आणि छपाई मऊ पडते.

लोकरीच्या ब्लेझरशेजारी चांदीचं किंवा चांदीचा मुलामा दिलेलं पदक लावायची फार हौस असते. लोकरीतून गंधकाची संयुगं बाहेर पडतात आणि पदक काळं पडतं. पदक वेगळ्या फ्रेममध्ये लावा, आणि पॉलिशनं घासू नका, कोरलेली अक्षरं झिजतात.

फोटोंबद्दल थोडक्यात: फोटो काचेला टेकता कामा नये, एवढं पाळलं तरी निम्मं काम झालं. वर्तमानपत्राचं कात्रण मात्र फोटोच्या किंवा तिकिटाच्या फ्रेममध्ये कधीच ठेवू नका. त्याचा कागद लाकडी लगद्याचा, तो स्वतः जळतो आणि शेजाऱ्यालाही डागाळतो. कात्रणाची चांगल्या कागदावर प्रत काढून ती लावा. मूळ कात्रण पॉलिएस्टरच्या पाकिटात, अंधारात ठेवा. चेंडूला अ‍ॅक्रिलिकची कडी आणि बंद खोका पुरतो, फक्त सही कडीला टेकणार नाही असा फिरवून ठेवा.

भिंत आणि पावसाळा

बाहेरच्या भिंतीवर, न्हाणीघराच्या किंवा स्वयंपाकघराच्या सामाईक भिंतीवर फ्रेम लावू नका. पश्चिमेच्या खिडकीसमोरही नको. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना १० मिलिमीटरचे रबरी बुटके लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते. बॅटीची पेटी चार-पाच किलोची होते. तिला ८ मिलिमीटरचे दोन प्लग, ५० मिलिमीटरचे स्क्रू आणि दोन वेगळे हुक लावा, एका खिळ्यावर तार टांगू नका.

जूनच्या शेवटी आणि ऑगस्टमध्ये प्रत्येक फ्रेम खाली उतरवून टॉर्च तिरपा धरून बघा. काचेच्या आत धुरकटपणा, पांढरे किंवा हिरवट ठिपके, मागे मातीची बारीक रेघ (ही वाळवीची) दिसते का ते तपासा. मूळ वस्तू पेटीत ठेवल्या असतील तर ५० लिटरच्या पेटीत ५०० ग्रॅम केशरी सिलिका जेल ठेवा. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोन तास सुकवा आणि गार झाल्यावर परत ठेवा.

बुरशी दिसलीच तर फ्रेम घराबाहेर, मास्क आणि हातमोजे घालून उघडा. ओली असताना ब्रश मारू नका, ती आत घासली जाते. सावलीत, पंख्याच्या अप्रत्यक्ष वाऱ्यात पूर्ण सुकू द्या, उन्हात ठेवू नका. सुकल्यावर मऊ ब्रशनं बाहेरच्या बाजूला झटका. जुना माउंट आणि मागचा बोर्ड फेकून द्या, काच धुऊन घ्या.

काचेला चिकटलेला फोटो, हार्डबोर्डला गोंदानं बसवलेलं तिकीट, लॅमिनेट केलेलं सह्यांचं पान, यांच्यावर घरी प्रयोग करायचा नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे, तिथं किंवा प्रशिक्षित संवर्धकाकडे न्या. नेताना फोटो काचेपासून सोडवायचा प्रयत्न करू नका. काचेसकट, काच खाली आणि फोटो वर असा सपाट ठेवून, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये बांधून न्या.